रंभाबाईंच्या पाट्यांतली हिलिगायनोन

पनवेलच्या मासळी बाजारात रंभाबाई दिसायच्या आधी त्यांचा आवाज येतो. त्यांचा लेक मिथुन बोटीवर नोकरीला. त्यानं फिलिपिन्समधल्या इलोइलोची मारिसेल बायको करून आणली, तेव्हा कोळीवाड्यानं तोंडात बोटं घातली. रंभाबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सुनेला विचारलं, "तुज्या भाषेत मासलीला काय म्हणतात गो?"

"इस्दा."

झालं! बाईंनी सुनेची हिलिगायनोन भाषा मासळीसारखी पाट्यांत निवडायला घेतली. एका पाटीत नावं, दुसरीत खाणं-येणं-झोपणं असले कामाचे शब्द, तिसरीत गोड, मोठं, ताजं. 'गिद' हा शब्द मात्र कुठेच बसेना. मारिसेल म्हणाली, "आई, तो एकटा काही सांगत नाही. दुसऱ्या शब्दाला जोर देतो."

"म्हंजे मासलीच्या वाट्यावर वरून टाकलेली मूठभर करंदी!" बाईंनी बारीक कोळंबीकडं बोट दाखवत निकाल दिला. ती जास्तीची मूठ त्यांच्याकडून सोडवताना भल्याभल्या गिऱ्हाइकांना घाम फुटतो.

मारिसेलला सहावा महिना लागला आणि तिची आई हट्टाला पेटली. लेकीनं बाळंतपणाला माहेरीच यावं, सासू कशी आहे कुणास ठाऊक! इकडं रंभाबाईंचा जीव नातवंडात अडकलेला. लेकीला नीट सांभाळीन, असा शब्द विहिणीला द्यायचा तो आपल्या तोंडानं, ही कोळीवाड्याची रीत. बाईंनी आठवडाभर हिलिगायनोन वाक्यांची घोकंपट्टी केली आणि व्हिडिओ कॉलवर सगळं धडाधड बोलून टाकलं. पण बोलल्या बाजारातल्या आवाजात. इलोइलोची माणसं गाण्याच्या चालीवर, हळुवार बोलणारी. विहीण घाबरलीच. लेकीला म्हणाली, "ही तुझ्यावर रोज अशीच ओरडते?"

मारिसेलनं चाचरत ते सांगितलं. रंभाबाईंचं तोंड एवढंसं झालं. "आमी लाडानं बोललो तरी भांडल्यासारखं वाटतं, काय करू?" त्या खाली बसल्या आणि पदर चाळवत स्वतःशीच पुटपुटल्या, "पालांग्गा को गिद सिया."

फार फार लाडकी आहे ती माझी.

फोन चालूच होता. पलीकडं विहिणीनं डोळे पुसले. "तू तिथंच राहा," ती लेकीला म्हणाली, "मीच येते."

रंभाबाईंनी दुसऱ्या पाटीतला शब्द उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज सांभाळत म्हणाल्या, "कारी." ये.

दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांच्या प्रत्येक वाट्यावर, कुणी न मागता, मूठभर करंदी जास्त पडत होती.