दयाराम तांडेलाचा हात

अलिबागला दत्तात्रेयशेठच्या मालट्रकच्या कंपनीत मी कारकून होतो. कंपनी म्हणजे तीन ट्रक, एक पत्र्याची शेड आणि मी. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतली सुपारी आणि नारळ पेण-पनवेलला न्यायचे, येताना भात, कौलं, मिळेल ते आणायचं. नोकरी मागायला येणाऱ्यांना 'नाही' म्हणायचं काम शेठ माझ्याकडून करून घेत आणि स्वतः आतल्या खोलीत पान लावत बसत. गाडी शेठची आणि वाईटपणा कारकुनाचा, असा आमचा कारभार होता.

सत्तावन्न सालच्या ज्येष्ठात, कोळ्यांनी होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या आणि चारच दिवसांनी दयाराम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रेवदंड्याचा कोळी, चौतिशीचा, दाराची चौकट भरून टाकणारा. भावाभावांच्या होडीवर तो तांडेल होता, म्हणजे सुकाणू त्याच्या हातात. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावरून ओहोटीतही होडी काढावी ती दयारामनेच, असं त्याच्या आळीतले लोक सांगत. असा माणूस माझ्या टेबलाशी टोपी हातात घेऊन उभा होता आणि "मना डायवरचं काम पायजे," म्हणत होता.

लायसन होतं. भाऊच्या धक्क्यावर मासळी उतरवायला जाई तेव्हा एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून तो मोकळ्या मैदानात गाडी शिकला होता. पेणच्या कंपनीने त्याला आधीच परत पाठवलं होतं, पनवेलच्याही. मीही शेठच्या सांगण्यावरून कागदावर लिहिलं, 'अनुभव नाही.' आता जो तो अनुभव नाही म्हणून दारातून हाकलणार, तर अनुभव काय झाडाला लागतो? पण हे शेठला विचारायची माझी छाती नव्हती.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. शेठ आतून ओरडले, "कोळी माणूस! नारळी पुनवेला समुद्र हाक मारील आणि हा गाडी रस्त्यात टाकून पळेल." मी तेच जरा गोड करून सांगितलं. दयाराम गेला नाही. बाकावर बसला आणि एवढा आडदांड गडी खाली मान घालून बोलू लागला.

त्याची बायको केसर. तिचा भाऊ तीन वर्षांपूर्वी दर्यात गेला तो आलाच नाही. तेव्हापासून दयारामची होडी बाहेर असली की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. होडी दोन दिवसांनी येवो की तीन, शीड दिसेपर्यंत नुसतं पाणी. कुणी दटावलं तरी नाही, देवाची शपथ घातली तरी नाही. यात दोन मुलं पोटातच गेली होती. आता तिसरं राहिलं होतं.

"सुईन बोलली, आता उपाशी ऱ्हायली तं ह्येबी जाईल, आनि तीबी. पाऊस हाय तवर मी घरी हाय, ती जेवते. पुनव झाली का होडी लोटायला लागंल, भाऊसाहेब. दुसरा धंदा मना येत न्हाय."

मी आत गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच शेठच्या पानाच्या डब्यावर हात ठेवून त्यांना ऐकायला लावलं. शेठ मनाने वाईट नव्हते, फक्त मन आहे याची त्यांना आठवण करून द्यावी लागे. ते म्हणाले, "येसाजीकडे सोपव. तो म्हणाला ठेव तर ठेवू. पुनवेपर्यंत."

येसाजी आमचा जुना ड्रायव्हर. लढाईत लष्कराच्या लॉऱ्या चालवून आलेला. त्याच्या हाताखाली शिकायला आलेले तिघे आठवडाभरात पळाले होते. पहिले पंधरा दिवस त्याने दयारामला सीटवर बसूच दिलं नाही. चाकं धुवायची, ग्रीस भरायचं, पहाटे हँडल मारून थंडगार इंजिन चालू करायचं. मग गिअर. क्लच दोनदा दाबल्याशिवाय ते पडत नसत, आणि गिअर खरखरला की येसाजी त्या दिवसाचा चहा बंद करी. दयारामने बरेच दिवस चहा पाहिला नाही. दोन माडांच्या मधून मागे गाडी घालायला तर तो महिनाभर शिकत होता. पण कुरकूर नाही. रेवदंड्याहून पहिल्या एसटीने यायचं, अंधार पडायच्या आत परत जायचं, कारण केसर वाट पाहत असे.

आषाढ सरत आला तसा येसाजी मला म्हणाला, "हात चांगला हाय गड्याचा." येसाजीच्या तोंडून एवढं म्हणजे फारच झालं. मी मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटले.

आणि चौथ्या दिवशी चौलच्या अरुंद रस्त्यावर एका वाडीतून वासरू उधळत समोर आलं. डावीकडे जागा होती. दयारामने गाडी घातली उजवीकडे, थेट वाडीभोवतीच्या चिऱ्यांच्या गडग्यात. वासरू वाचलं, गडगा कोसळला, ट्रकचा एक दिवा गेला. वाडीवाला असा काही ओरडत होता, जणू त्याची सुपारीच चोरली!

येसाजी ओरडला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "कुठं न्यायची होती?"

"डावीकडं."

"मग उजवीकडं का फिरवलंस?"

दयाराम आपल्या हातांकडे बघत राहिला. मग त्याच्याच लक्षात आलं. सुकाणूचा दांडा उजवीकडे लोटला की होडी डावीकडे वळते. वीस वर्षं तो हेच करत आला होता. सावकाश चालवताना डोकं हाताला सांगे, आता तू गाडीत आहेस. पण भीती वाटली की डोकं बाजूला राही आणि हात आपल्या मनाचं करी. हात तांडेलाचाच होता.

"बास!" गाडी शेडवर आल्यावर शेठ म्हणाले. "लिहा नकार." मी दौत उघडली आणि पुन्हा बंद केली. म्हटलं, "पुनवेला सोळा दिवस आहेत, शेठ. नकार सोळा दिवसांनीही लिहिता येईल." दारातून येसाजी म्हणाला, "द्या सोळा दिस. पुनवेच्या आदल्या दिवशी भरली गाडी कार्लेखिंडीतनं उतरवून दावील. न्हाय जमलं तर मीच त्याला घरी सोडतो."

बाहेर येऊन मात्र त्याने दयारामला खडसावलं. "पावसातबी संध्याकाळी घरापुढल्या खाडीत पगार घेऊन जातोस न्हवं?" पगार म्हणजे एका माणसाची लहान होडी. दयारामने मान हलवली. "आजपासनं न्हाय. सुकाणूला बोट लावायचं न्हाय. एक हात दोन धन्यांची चाकरी करत न्हाय."

दयारामचा चेहरा मला बघवला नाही.

मग सुरू झाली केसरची शाळा. घरी हा भाकरीची परात दोन्ही हातांत धरून बसे आणि ती चुलीपाशी पाठमोरी, मासळी कापता कापता मध्येच ओरडे, "डावी!" की परात डावीकडे. भात वैरता वैरता "उजवी!" कधी झोपेतून हलवून विचारी. आळीतली पोरं दाराशी जमून हसत. "तांडेल परात हाकवतोय," म्हणत. चुकला की केसर त्याच्या चुकलेल्या हातावर पळी मारी. आपली बायको इतक्या वर्षांत एवढी कधी बोलली नव्हती, असं दयाराम मला लाजत सांगे.

पुनवेच्या आदल्या दिवशी नारळांच्या गोण्या भरून आम्ही खिंडीकडे निघालो. पुढे दयारामशेजारी येसाजी आणि शेठ, मागे गोण्यांवर मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेलो. खिंड चढून गाडी पलीकडे वळवली आणि परतीच्या उताराला लागलो. पाऊस भुरभुरत होता. एका वळणावर डाव्या झाडीतून मोळी घेतलेली कातकरी बाई नेमकी रस्त्यावर उतरली. मोळीमुळे तिला दिसतही नव्हतं. मी डोळे मिटले. गाडी उजवीकडे झुकली, गोण्या माझ्या अंगावर आल्या, मग गाडी पुन्हा सरळ झाली. डोळे उघडले तेव्हा ती बाई मागे रस्त्यात उभी राहून आम्हाला शिव्या देत होती. इतक्या गोड शिव्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

उतार संपल्यावर दयारामने गाडी बाजूला घेतली. शेठ हसत म्हणाले, "भाऊसाहेब, उद्याचं पत्र होकाराचं लिहा." पण दयाराम खाली उतरून चाकाशी बसला होता आणि रडत होता. मी घाबरलो. म्हटलं, "अरे, पास झालास!"

"व्हय," तो म्हणाला. "हात आपसूक फिरला, भाऊसाहेब. मना इचार करावा लागला न्हाय. म्हंजे आता सुकाणू गेलं माज्या हातातनं."

येसाजीने आपली पेटवलेली विडी त्याच्या बोटांत दिली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

पुनवेला त्याने मला रेवदंड्याला जेवायला बोलावलं होतं. दर्याला नारळ देऊन झाला, गुलालात न्हालेल्या होड्या भरतीबरोबर एकेक सुटू लागल्या. त्यांच्या होडीवर सुकाणूपाशी धाकटा भाऊ तुळशीराम बसला होता. वाळूच्या दांड्यापाशी होडी जरा डगमगली तेव्हा माझ्या शेजारी उभ्या दयारामचा खांदा माझ्या खांद्यावर आदळला. मग शीड लहान होत गेलं.

घरी केसरने नारळी भात वाढला. स्वतःचंही ताट घेऊन ती आमच्याबरोबरच बसली आणि मन लावून जेवू लागली. मी सुखावून दयारामकडे पाहिलं, तर त्याचा घास हातातच. तो उघड्या दारातून पाण्याकडे बघत होता. एकदा घास तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

केसरने ते पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुला रोज असंच व्हायचं?"

ताटातला भात तिने स्वतःच्या हाताने कालवला आणि घास त्याच्या तोंडाशी धरला.

"जेवा," ती म्हणाली. "परवा येतील भावजी. तुमाला सकाली खिंड चढायची हाय."