चौकशीच्या खिडकीतला आवाज

मोठ्या बाईंना दवाखान्यात कुणी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. 'मोठ्या' हे हुद्द्यामुळे. स्वागतकक्षाच्या त्या प्रमुख. बोलणं असं, की शेजारच्या टेबलालाही पत्ता लागू नये. आता ही काही जन्मजात देणगी नव्हे बरं का! यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेलं पोर ते. त्या घरात मीठ मागायचं तरी ओरडावं लागे. पहिल्या नोकरीत साहेबांनी "भांडताय का हो?" म्हणून चारचौघांत हसं केलं, आणि बाईंनी गळ्याला वेसण घातली ती कायमची.

त्यांचे वडील, आप्पा, मागावर चाळीस वर्षं काढून कानांनी अधू झाले होते. ते तपासणीला आले की बाई हटकून फायलींच्या खोलीत सापडायच्या. लाज वाटायची, दुसरं काय!

मग चौकशीच्या खिडकीत एक मुलगी आली, सहा महिन्यांच्या बोलीवर. तीही मागवाल्यांचीच. "आजी, डावीकडे, तिसरी खोली!" म्हणाली की जिन्यापर्यंत ऐकू जाई. बरोबरच्यांनी तिचं नाव 'भोंगा' पाडलं. बाईंनी तिला तीनदा समजावलं. पोर मान डोलवायची, तासभर कुजबुजायची, आणि समोर कुणी म्हातारं कानामागे हात धरून उभं राहिलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

कायम करण्याचा तक्ता आला. कामाला बाईंनी दहापैकी नऊ दिले. 'कार्यालयीन शिष्टाचार' या रकान्यात दोन, आणि शेरा मारला: आवाज दवाखान्याला शोभणारा नाही. एकाही रकान्यात पाचाखाली गुण असले की कायम करत नाहीत, हे त्यांना तोंडपाठ होतं. तरी लिहिलं.

सहा महिने भरले आणि मुलीला नारळ मिळाला. जाताना फक्त म्हणाली, "बाई, तुम्हीही मागवाल्यांच्याच ना? तुम्हाला हळू बोलायला किती वर्षं लागली?"

हिला कसं कळलं, हे विचारायचाही बाईंना धीर झाला नाही. त्या दिवसापासून घास गोड लागेना. आपलंच पोरपण आपण हाताला धरून बाहेर काढलं, असं वाटून मन खात राही. पण बोलणार कुणाशी?

पंधरा दिवसांनी आप्पा आले. खिडकीत नवी बाई होती, बोलणं अगदी मऊ. आप्पांनी दोनदा विचारलं, दोनदा ओठांकडे पाहिलं, आणि कागद घेऊन तसेच उभे राहिले. मागे रांग खोळंबली. या खेपेला मोठ्या बाई फायलींच्या खोलीत गेल्या नाहीत. त्या जवळ आल्या तशी आप्पांनी विचारलं, "ती पोरगी कुठाय गं?"

"मी काढलं तिला," बाई हळूच म्हणाल्या.

"काय?"

"मी काढलं."

आप्पांनी कानामागे हात धरला. दालनात पन्नास माणसं होती, भिंतीवर बाईंनीच लावलेली 'हळू बोला' ही पाटी होती. बाईंनी श्वास घेतला आणि कैक वर्षांनी घरातल्या आवाजात सांगितलं, "आप्पा, तिला मी काढलं! मोठ्याने बोलायची म्हणून!"

सगळे माना वळवून बघू लागले. आप्पांना आता नीट ऐकू आलं होतं.

"तू लहानपणी अशीच बोलायचीस," ते आपल्या खणखणीत आवाजात म्हणाले. "म्हणून तर मी तिच्याच खिडकीला जायचो."

ते अख्ख्या दालनाने ऐकलं. त्यांना गप्प करायला मात्र कुणी उठलं नाही.