लालमहंमदची लेव्हल

आमच्या केंदुरातला लालमहंमद गवंडी दुसरीत शाळा सोडून बापामागं वाळू चाळायला गेला. इंग्रजी शब्द त्याला एकच आला, आणि तोच त्यानं आयुष्यभर पुरवला. चहात साखर जास्त झाली की "लेव्हल गेली." माझा पोरगा बिरदेव लग्नानंतर वेळेवर घरी येऊ लागला, तर "आता आला गडी लेव्हलला." मी सातवी पास. गुरुजींनी माझ्याकडून 'लेव्हल म्हणजे पातळी' एवढं घोकून घेतलं. बाकी सगळा अर्थ या गवंड्यानं शिकवला.

गेल्या साली आमच्या स्वयंपाकघराची फरशी त्यानंच बसवली. प्रगतीनं, म्हणजे आमच्या सूनबाईनं, ती धुतली, तर पाणी मोरीकडं जायचं सोडून ज्वारीच्या पोत्यांकडं निघालं! शेजारच्या सरूबाईनं ते पाहिलं. तिच्या नव्या घराचं काम लालमहंमदला ठरलेलं. ती म्हणाली, "म्हाताऱ्याला दिसंना आता. मी दुसरा गवंडी बघते."

हे कानावर जाताच लालमहंमद आला, पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, तिथं खुणा करायच्या. पण आत हवेचा बुडबुडा राहिला, की खूण चुकते.

"आबा, बुडबुडा हाय का बघ."

"मला तूच धड दिसंनास, बुडबुडा कुठला दिसतोय!" मी म्हणालो.

प्रगती हसत पुढं आली. "मामा, ह्यो काय! शेंगदाण्याएवढा बसलाय मधोमध."

लालमहंमदनं नळी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हंजी त्या दिवशीबी बसला आसंल. चूक माझीच. छिन्नी आणा."

"अवो मामा, पोती हलवू की!"

"पोत्यांनी काय केलंय, पोरी? फरशी मी बसवलीय."

त्यानं आठ फरश्या उचकटल्या. नळी झटकून एक टोक प्रगतीच्या हाती दिलं.

"बुडबुडा?"

"न्हाई."

"लेव्हल?"

"लेव्हल!"

तिथून मोरीकडं अर्धा इंच उतार धरून त्यानं फरश्या पुन्हा बसवल्या. दोन दिवसांनी सरूबाईलाच बोलावून तिच्या हाती तांब्या दिला. "वता." तिनं ओतलं. पाणी सरळ मोरीत गेलं.

"काम तुमचंच," सरूबाई म्हणाली. "पर नळी धरायला प्रगती पायजे."

"तर वो!" लालमहंमद म्हणाला. "आबाला धरायला दिली, तर तुमच्या मोरीचं पाणी थेट शिरूरला निघंल."