गुणाबाईची कणगी

मुखेडकडच्या त्या गावात सरपण राखावं ते गुणाबाईनंच. तिनं रचलेला, वरून शेणानं लिंपलेला गवऱ्यांचा उडवा अख्खा पावसाळा अंगावर घ्यायचा आणि आतली गवरी कडकडीत. याचा तिला भारी तोरा होता, आणि असायलाच पाहिजे.

पण ट्रॅक्टर आला, बैल गेले, एका म्हशीच्या शेणावर उडवा कमरेच्या वर जाईना. नेमकं त्याच वर्षी लेकीचं, पुनमचं, पहिलं बाळंतपण ऐन भादव्यात आलं. ते माहेरीच व्हावं, हा गुणाबाईचा हट्ट. लातूरच्या विहीणबाई उज्वलाताईंनी गोड बोलून विचारलं होतं, पावसात तुमच्याकडं शेकशेगडीचं कसं व्हायचं? माझ्या लेकीची शेगडी सव्वा महिना इझायची न्हाई, असं गुणाबाई ठसक्यात सांगून बसली होती.

म्हणून लेकानं, भागवतनं, लातूरहून नव्या तऱ्हेची पंख्याची शेगडी आणली आणि तिच्या जळणाची दहा पोती. भुसा दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या, प्लॅस्टिकच्या पोत्यांत शिवलेल्या. पोती उघडू नको, एवढं बजावून तो लातूरला कामावर गेला.

प्लॅस्टिकात कोंडलेलं जळण गुणाबाईला बघवेना. जळणाला वारा लागतो, हे काय तिला कुणी शिकवायचं? तिनं धान्याची जुनी कणगी काढली, शेणमातीनं आतून-बाहेरून झकास लिंपली आणि लिंपण पुरतं वाळायच्या आत दहाही पोती तिच्यात रिचवली. मधे दोन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी हात घातला तर कांड्या नव्हत्याच, फुगून फुटून नुसता ओला भुसा झाला होता.

पुनम आठ दिवसांत यायची होती. गुणाबाईनं स्वतःलाच दोन शिव्या घातल्या, जरा रडलीसुद्धा. मग डोळे पुसले, म्हशीचं शेण पुढं ओढलं, त्यात भुसा कालवला आणि गवऱ्या थापायला लागली. एका पाटीच्या शेणात तीन पाट्यांच्या गवऱ्या झाल्या, अन् भादव्याचं ऊनही पावलं. भागवतला ती फोनवर एवढंच म्हणाली, की तुझं जळण लई गुणाचं हाय, शेगडी तेवढी राहू दे, पंख्याचा आवाज बाळाला नको.

बारशाला उज्वलाताई आल्या त्या तपासायलाच. बाजेखाली धूर सरलेले लालबुंद निखारे, घंगाळात वाफाळतं पाणी, बाळाचे गाल टम्म. बाईंचे गुडघे दुखरे. निखाऱ्यांपाशी बसल्या त्या चार दिवस हलल्याच नाहीत. निघताना लाजत म्हणाल्या, "पोतंभर गवऱ्या मिळतील का? मला शेकायला."

पोतं भरताना गुणाबाईचा ऊर भरून आला. आता गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण सरपणाबद्दल लपवालपवी तिच्या जिभेला जमेना.

"ईनबाई, वल्या लिंपणाजवळ ठिवू नका," ती म्हणाली. "आतला भुसा फुगतोय."

रजेवर आलेला भागवत पोतं गाडीत ठेवता ठेवता थांबला. त्यानं कोपऱ्यातल्या कणगीकडं बघितलं, मग मायकडं.

"दहाच्या दहा पोती, माय?"

गुणाबाईनं पदर खोचला. "हाव. आता वीस आण."