न विचारलेलं पान

इसाकभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी महिन्याच्या किराण्याची यादी करत होते. साबणापर्यंत आले होते... पुढचं काही सुचेना.

अंबरनाथला आनंदनगरमध्ये त्यांचा कुकरच्या रबरी रिंगा बनवायचा छोटा कारखाना होता. बदलापूरहून मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले, त्या वर्षीची गोष्ट. भागधारकांसाठी, म्हणजे बारा नातलग-शेजाऱ्यांसाठी, वार्षिक अहवाल टाइप करून मी फाइल बांधत होते. इसाकभाईंनी एक कोरं पान पुढे केलं. "सुमनताई, आता वर्षभरातल्या चुका लिहा." मी म्हटलं, "कायद्यानं कुठे मागितल्यात?" "नाही मागितल्या. पण मालातली खोट विकणाऱ्यानं स्वतःहून सांगावी, असं आमचा धर्म सांगतो. या बारा जणांनीही आपल्याकडून विश्वास विकत घेतलाय." मी पानाला मथळा दिला, 'न विचारलेलं', आणि आकडे घालून यादी केली. शेवटची ओळ त्यांनी स्वतः सांगितली: 'कार्यालयातला चहा पातळ. तक्रार कायम.' चहा मीच करायचे.

तिसऱ्या वर्षी तीन आणि पाच लिटरच्या रिंगांच्या पाकिटांची लेबलं माझ्या हातून उलटसुलट झाली. सगळा माल उल्हासनगरच्या मोटूमलशेठकडे गेलेला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक; नवं मशीन त्यांच्याच ऑर्डरवर घ्यायचं होतं. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी घाबरत म्हटलं, "त्यांना कळायच्या आत गुपचूप बदलून टाकू?" "कळायच्या आत सांगू," म्हणत त्यांनी स्कूटर काढली. मागे मी, नोकरी गेली असं धरूनच.

शेठनी ऐकलं आणि हात जोडले. "साईं, धंदा करने आए हो या गुनाह कबूल करने? किसने किया ये?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात इसाकभाई म्हणाले, "कारखान्यानं." माल परत आला, ऑर्डर दुसरीकडे गेली, मशीन घ्यायचं राहिलं. पानावर चूक आली, माझं नाव नाही. मी नाव घालायचा हट्ट धरला तर इसाकभाई हसले. "मालाची खोट सांगायची, ताई. दुसऱ्या माणसाची कशाला? मग चहा कोण करतं तेही लिहावं लागेल."

दोन वर्षांनी शेठ स्वतः कारखान्यात आले. "जिनको ऑर्डर दिया, वो लोग बोलते हैं, हमारे माल में कभी कुछ खराबी नहीं. मेरे को डर लगता है, साईं." इसाकभाईंकडून ऐकलेलं 'न विचारलेलं' पान त्यांनी आधी मागितलं, मग चहा. पातळ असल्याचं त्यांनीही सांगितलं. त्याच वर्षी मशीन आलं.

आता कारखाना इसाकभाईंची मुलगी शबाना बघते. गेल्या आठवड्यात अहवाल टाइप करून झाला आणि कोरं पान घेतलं. पहिलीच ओळ टाइप केली: 'लेबलांची जुनी चूक सुमनची होती.' शबानानं वाचलं. "काकी, अब्बा नको म्हणाले होते ना?"

"दुसऱ्याची सांगू नये म्हणाले होते. ही माझीच आहे."

बाकीच्या चुका तिनं सांगितल्या, मी यादी केली. तळाशी एका ओळीची जागा उरली. ती कुणी सांगितली नाही... बोटांनीच टाइप केली. 'चहा पातळ. तक्रार कायम.'