सातवा ट्रॅक

दुपारचे दोन चाळीस. प्लेअर सीडी सहाव्यांदा फिरवून पाहतो आणि काचेवर तीच अक्षरं येतात: 'नो डिस्क'. ट्रे उघडा ठेवून मी शेजारच्या सतरंजीवर आडवा होतो. डोळे मिटत येतात, तेवढ्यात शरयूताई म्हणते, "अरे, ट्रे उघडा टाकून झोपतोस? धूळ बसते."

माझी ही थोरली बहीण चौदा महिन्यांपूर्वी गेली. मिरजेत तिचं सीडी प्लेअर दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेला प्रत्येक प्लेअर ती स्वतः तयार केलेल्या चाचणीच्या सीडीवर तपासायची. आधी बारीक-जाड शिट्ट्या, मग शांतता, आणि सातव्या ट्रॅकवर तिचा आवाज: "डावा." जरा थांबून, "उजवा." कुठल्या स्पीकरमधून काय येतं ते कळावं म्हणून. तिचा आवाज तेवढाच उरला आहे, ट्रेमधल्या या सीडीवर. नक्कल काढायची राहून गेली.

आम्ही दुकानात आहोत. सोल्डरचा वास येतो. ती सीडी उजेडात तिरकी धरते.

"कशी पुसलीस?"

"मऊ फडक्यानं."

"फडकं नाही विचारलं. कशी?"

मी बोटानं हवेत वर्तुळ काढतो.

"शाबास, रंगा! ताट घासलंस की काय?" ती हसते. "आडव्या चऱ्यावरून प्लेअर निभावून नेतो. गोल चरा आवाजाच्या वाटेबरोबरच चालतो, सगळं खाऊन टाकतो. मधून कडेला पुसायचं, किती वेळा सांगितलं होतं?"

"तीनदा."

"मोजलंस. ऐकलं नाहीस."

आता टेबलाच्या जागी इस्पितळाचा पलंग आहे. ती त्यावर पाय हलवत बसली आहे, सीडी हातात तशीच.

"ताई, तूच म्हणून दाखव ना. डावा, उजवा. एकदाच."

"इथे म्हटलेलं तुझ्याजवळ राहणार आहे का?"

ती सीडीवर फुंकर घालते, पदराच्या टोकानं मधून कडेला पुसते. पुन्हा मधून कडेला.

"असा कोपऱ्यात काय बसतोस? दोन्ही स्पीकरच्या मध्ये ये."

मी सरकतो. ती तोंड उघडते.

तीन वाजून पाच मिनिटं. मी जागा आहे. सतरंजी भिंतीशी आहे आणि मी दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, उघड्या फरशीवर. ट्रे बंद आहे. काचेवर ०७.

तीन वाजून सहा मिनिटं. डाव्या स्पीकरमधून बारीक खरखर येते आहे. शब्द अजून आलेला नाही.