मी न लावलेली मेणबत्ती

मेण वितळल्याचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. आमचा पोरगा परळीहून रेल्वेत बसून कामाला गेला, तो परत आलाच नाही. तरी दर नाताळाला त्याची आई त्याच्यासाठी नवा सदरा शिवून ठेवायची. असाच एकदा आगमनकाळाचा, म्हंजे नाताळाआधी प्रभूची वाट बघायच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार होता. साखर कारखान्याच्या मळीचा वास पार आमच्या ख्रिस्ती देवळात शिरलेला. पाळकसाहेबांनी काडेपेटी माझ्या हातात दिली. “आबा, पहिल्या रविवारची आशेची मेणबत्ती आज तुमी लावा.” मी भडकलो. “कसली आशा? प्रार्थना करून करून हिचे गुडघे गेले. देव बहिरा हाय का?” तेवढ्यात माझी म्हातारी भिंत धरून उठली, माझ्या हातातली काडेपेटी हिसकावली अन् म्हणाली, “तुमाला वाट बघायची नसल तर घरी जावा. माझं पोर यायचंय अजून.” मेणबत्ती तिनंच लावली. पुढं ती वारली, पोरगा काही आला नाही. मी मात्र दर आगमनकाळात पहिल्या बाकावर जाऊन बसतो. प्रभू येणार म्हणतात ना, मग यावंच त्यानं. हिच्या प्रार्थनेचं काय केलंस, हे मला त्याला तोंडावर विचारायचंय.